छापखान्यातील रोलर धुण्याचे सॉल्व्हंट आणि कामगाराच्या पायांना आलेली बधिरता : हेक्झेनविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे

मृण्मयी_क
नमस्कार. माझ्या धाकट्या भावाचा तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत लहानसा ऑफसेट छापखाना आहे. दोन मशिने आहेत आणि पाच माणसे काम करतात. पूर्वी रोलर आणि ब्लँकेट, म्हणजे मशिनमधील छपाईचे रबरी आवरण, पुसायला रॉकेल आणि पेट्रोल वापरत असत. वर्षभरापूर्वी एका विक्रेत्याने वीस लिटरच्या निळ्या कॅनमधून एक पातळ, पाण्यासारखे पारदर्शक सॉल्व्हंट द्यायला सुरुवात केली. ते चटकन उडून जाते, मागे तेलकटपणा राहत नाही आणि त्यामुळे पुढची छपाई लगेच सुरू करता येते, म्हणून सर्वांना ते आवडले. कॅनवर कसलेही लेबल नव्हते, फक्त खडूने "वॉश" असे लिहिलेले होते.

गेल्या दोन महिन्यांपासून तेथील सव्वीस वर्षांच्या मशिनमनची एक तक्रार आहे. चालता चालता त्याची चप्पल पायातून निसटते आणि पाच-सहा पावले पुढे गेल्यावर, जमीन गरम लागली की मग त्याला कळते. जिना उतरताना पाऊल फतकन आपटते. स्थानिक डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शने दिली, पण फरक पडला नाही. मी विक्रेत्याला तीनदा फोन केला तेव्हा त्याने "हेक्झेन आहे, खाद्यतेलाच्या कारखान्यातही हेच वापरतात, काही होत नाही" असे उत्तर दिले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो का, आणि असेल तर आम्ही आज नेमके काय करावे?

सरकीपेंड
ताई, आजच्या आज करण्याची गोष्ट आधी सांगतो. त्या मुलाला मशिनरूममधून बाहेरचे काम द्या आणि तो कॅन घट्ट झाकण लावून, उन्हापासून आणि विजेच्या बटणांपासून दूर, हवेशीर सावलीत ठेवा. बाकीचे सविस्तर रात्री लिहितो. मी बावीस वर्षे सॉल्व्हंट प्लँटमध्ये, म्हणजे पेंडीतून तेल काढण्याच्या कारखान्यात काम केले आहे आणि हेक्झेन हाच आमचा रोजचा पदार्थ होता.

डॉ_निरगुडी
संबंध असू शकतो एवढेच नव्हे, तर आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की पहिली शंका हीच घ्यायला हवी. एन-हेक्झेन, म्हणजे बाजारातील हेक्झेनमधील मुख्य घटक, श्वासावाटे शरीरात गेल्यावर यकृतात त्याचे रूपांतर होत होत २,५-हेक्झेनडायोन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते मज्जातंतूंच्या आतील प्रथिनांना चिकटते. सर्वात लांब तंतूंना सर्वात आधी इजा होते, म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून होते, मग मोज्यासारखी बधिरता घोट्यापर्यंत चढते आणि पुढे हातमोज्यासारखी हातांवर येते. चप्पल निसटल्याचे न कळणे आणि पाऊल वर न उचलता येणे ही दोन्ही लक्षणे त्याच मालिकेतली आहेत.

बी-१२ देण्यात त्या डॉक्टरांची चूक नाही. आपल्याकडे शाकाहारी तरुणांत बी-१२ ची कमतरता फार आढळते, शिवाय मधुमेह आणि दारू ही कारणेही तपासावीच लागतात. परंतु रुग्ण काय काम करतो, कोणत्या द्रवाने हात धुतो, खोलीला खिडकी आहे का, हे विचारले गेले नाही तर हे निदान हातून निसटते. त्याला मेंदू व मज्जातंतुतज्ज्ञांकडे न्या आणि नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी एनसीव्ही, तपासणी करून घ्या. जाताना सॉल्व्हंटचे नाव कागदावर लिहून न्या.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवणे आवश्यक आहे, कारण कुटुंबे येथे घाबरतात. संपर्क पूर्णपणे थांबवल्यानंतरही दोन-तीन महिने अशक्तपणा वाढत जाऊ शकतो. तो उपचाराचा दोष नसतो. इजा झालेले तंतू आणखी काही काळ खंगत राहतात आणि मग हळूहळू भरून येऊ लागतात. सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने मोजावी लागते आणि तीव्र आजारात वर्षाहून अधिक काळ लागतो. यावर उतारा म्हणून कोणतेही औषध नाही. संपर्क तोडणे आणि फिजिओथेरपी हेच उपचार आहेत.

शाईवाला
डॉक्टरसाहेबांविषयी पूर्ण आदर राखून लिहितो. मी १९८४ पासून छपाईच्या धंद्यात आहे. आम्ही पेट्रोलमध्ये चिंधी बुडवून रोलर पुसले आणि त्याच पेट्रोलने कोपरापर्यंत हातही धुतले. आमच्यापैकी कोणाचे पाय बधिर झाल्याचे मला आठवत नाही. एका कामगाराच्या दुखण्यावरून सगळ्या धंद्याला धोकादायक ठरवले, तर लहान छापखाने बंद पडतील, हे मला मनापासून वाटते.

कृष्णाकाठ
शाईवालाकाका, पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनचे मिश्रण असते आणि त्यात एन-हेक्झेनचे प्रमाण थोडेच असते, म्हणून पाय वाचले असतील. पण आजच्या पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत बेंझीन असू शकते आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे निर्विवादपणे सिद्ध झालेले आहे. इस्तंबूलमधील डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७० च्या दशकात बेंझीनयुक्त गोंद वापरणाऱ्या चर्मकारांमधील ल्युकेमियाचे रुग्ण जगासमोर आणले. दुर्दैव असे की इटलीमध्ये बेंझीनवर बंधन आल्यावर बूट बनवणाऱ्यांच्या गोंदात त्याच्या जागी हेक्झेनयुक्त पेट्रोलियम सॉल्व्हंट आले आणि कर्करोगाची भीती कमी होते न होते, तोच कामगारांचे हातपाय लुळे पडू लागले. जपानमध्येही १९६० च्या दशकात सँडल चिकटवणाऱ्या कामगारांत हाच आजार मोठ्या संख्येने दिसला होता. एक विष काढून दुसरे आणले आणि पहिल्याची ओळख असल्यामुळे दुसऱ्याकडे कोणी निरखून पाहिले नाही.

टाचणी
चीनमधील सुझोऊ येथेही असेच घडले होते. २००९ च्या सुमारास मोबाइलच्या पडद्याचे भाग बनवणाऱ्या एका पुरवठादाराच्या कारखान्यात पडदे पुसण्यासाठी अल्कोहोलऐवजी हेक्झेन आणले गेले, कारण ते लवकर उडते आणि कामाचा वेग वाढतो. १३७ कामगारांना त्याची बाधा झाल्याचे नंतर ॲपल कंपनीने आपल्या अहवालात मान्य केले. ताईंच्या भावाच्या छापखान्यातील कारण अगदी तेच आहे: लवकर वाळते.

सरकीपेंड
आता सविस्तर लिहितो. विक्रेत्याचे विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच ते अधिक घातक आहे. तेलाच्या कारखान्यात हेक्झेन वापरतात, परंतु ते बंद यंत्रणेत, नळ्या, कंडेन्सर आणि टाक्यांच्या आत फिरत असते, आणि बाहेर गळालेला प्रत्येक लिटर हा आमच्या दृष्टीने तोटाही असतो आणि धोकाही. तेथे कोणी ते उघड्या डब्यात ओतून चिंधीने पुसत नाही.

एक साधा हिशेब मांडतो. १ लिटर हेक्झेन उडून गेले की त्याची सुमारे १८८ लिटर वाफ होते. पंधरा फूट रुंद, वीस फूट लांब आणि दहा फूट उंच खोली बंद असेल, तर त्या १ लिटरमुळे खोलीतील प्रमाण जवळपास २,२०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २,२०० भाग, होईल. अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी आठ तासांच्या कामासाठी सुचवलेली मर्यादा ५० पीपीएम आहे. म्हणजे चाळीस पटींहून अधिक. खिडकी उघडी असेल तर आकडा खाली येईल, हे मान्य. पण ५० पर्यंत यायला किती वारा लागेल, याचा विचार करावा. हेक्झेनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्यामुळे ती जमिनीलगत साचते. आपण छताचा पंखा लावतो तेव्हा ती बाहेर जात नाही, फक्त ढवळली जाते आणि नाकापर्यंत येते. बाहेर काढायची असेल तर खेचणारा पंखा जमिनीलगत, रोलर पुसण्याच्या जागेजवळ हवा आणि त्याची मोटर फ्लेमप्रूफ हवी.

आगीचे आणि आरोग्याचे गणित वेगवेगळे आहे, हे आमच्या क्षेत्रातही अनेकांच्या लक्षात येत नाही. हेक्झेन हवेत १.१ टक्के झाले की पेट घेऊ शकते आणि १.१ टक्के म्हणजे ११,००० पीपीएम. गॅस मोजण्याचा साधा एलईएल मीटर या पेट घेण्याच्या पातळीच्या किती टक्के वाफ आहे ते दाखवतो, त्यावर काटा जेमतेम १ टक्का दाखवतो, तेव्हाही हवेत ११० पीपीएम असते. सुरक्षा अधिकारी निश्चिंत होतो आणि कामगार मर्यादेच्या दुप्पट हवा श्वासात घेत असतो. वासावरही भिस्त ठेवू नये, कारण हेक्झेनचा वास सौम्य असतो, तो जाणवेपर्यंत मर्यादा ओलांडलेली असू शकते आणि थोड्या वेळाने नाकाला त्याची सवय होते.

रानजाई
हेक्झेनचा ज्वलनांक किती असतो? आमच्या दुकानात टर्पेंटाइन असते, ते काडी लावल्याशिवाय पेटत नाही, म्हणून विचारते.

सरकीपेंड
रानजाईताई, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून द्रवावर पेटण्याजोगी वाफ तयार होते तो अंश, उणे २२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे काश्मीरच्या हिवाळ्यातसुद्धा त्याच्यावर पेटण्याजोगी वाफ तयार असते, मग आपल्याकडच्या मे महिन्याचे काय सांगावे. रंगाच्या दुकानातील मिनरल टर्पेंटाइनचा फ्लॅश पॉइंट त्याहून पुष्कळ वर, साधारण खोलीच्या तापमानाच्या पुढे असतो, म्हणून आपला अनुभव वेगळा आहे. थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युईनचा मात्र ४ अंशांवर असतो, तेव्हा थिनरच्या बाबतीत टर्पेंटाइनचा अनुभव लावू नये.

शिवाय हे द्रव वीज वाहू देत नाहीत, त्यामुळे ओतताना किंवा नळीतून वाहताना त्यांच्यात स्थिर विद्युतभार साचतो. २०० लिटरच्या ड्रममधून प्लास्टिकच्या बादलीत घेताना ठिणगी उडून आग लागू शकते. भांडे धातूचे असावे, ड्रम आणि भांडे तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडावे आणि ड्रमला अर्थिंग द्यावे. आमच्याकडे क्लिप लावल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, असा दंडक होता. नवीन मुलांना तो जाच वाटत असे आणि मी त्यांच्यावर ओरडत असे.

भीमथडी
येथे अमेरिकेतील लुईव्हिल शहराची आठवण करून देणे योग्य ठरेल. तेथील सोयाबीनवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यातून हेक्झेन गटारात गेले. १३ फेब्रुवारी १९८१ रोजी पहाटे कामावर निघालेल्या दोन स्त्रियांची मोटार रेल्वेपुलाखालून जात असताना तिच्या ठिणगीने गटारातील वाफ पेटली आणि तीन किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते उखडले गेले. पहाटेची वेळ असल्यामुळे कोणी दगावले नाही. जमिनीलगत वाहत जाणारी वाफ किती दूर पोहोचते, हे यावरून समजते. उरलेले सॉल्व्हंट मोरीत ओतणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगतो.

शाईवाला
मी वरचे सर्व दोनदा वाचले. मोरीत ओतण्याचा मुद्दा मला लागला, कारण आम्ही वर्षानुवर्षे तेच केले आहे. मृण्मयीताई, एक विचारतो. भावाची मशिनरूम वातानुकूलित आहे का?

मृण्मयी_क
हो काका. कागदाला दमट हवा लागू नये म्हणून गेल्या वर्षी एसी बसवला आणि खिडक्या कायमच्या बंद केल्या. नवे सॉल्व्हंटही त्याच सुमारास आले. दिवसाला दोन लिटर तरी लागते.

डॉ_निरगुडी
मग चित्र पुरेसे स्पष्ट आहे. तैवानमध्ये तैपेई येथे १९८० च्या दशकात छपाईचे प्रूफ काढणाऱ्या कामगारांमध्ये एन-हेक्झेनमुळे झालेल्या मज्जातंतूंच्या आजाराची नोंद झाली होती. तेही रोलर पुसत होते आणि तेथेही बंद, वातानुकूलित खोल्यांचा संबंध दिसून आला होता. साधा एसी खोलीतील हवाच पुन्हा पुन्हा थंड करतो, बाहेरची हवा आणत नाही. कृपया उरलेल्या चार जणांचीही तपासणी करून घ्या. लक्षणे नसलेल्यांच्या तपासणीतही बदल दिसू शकतात. लघवीतील २,५-हेक्झेनडायोन मोजता येते, पण ती तपासणी कामाच्या पाळीच्या शेवटी करायची असते. काम थांबवून आठवडा उलटल्यावर ती उपयोगाची राहत नाही.

अनुस्वार
मास्क लावला तर चालेल का? छापखान्यात सर्वांनी एन-९५ लावावा असे सुचवावेसे वाटते.

कृष्णाकाठ
अनुस्वार, एन-९५ धूळ आणि थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी सेंद्रिय बाष्पांचे कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो. तो चेहऱ्यावर घट्ट बसावा लागतो, त्यामुळे दाढी चालत नाही, आणि त्यातील कोळसा भरला की कार्ट्रिज बदलावे लागते. दिवसभर तो लावून मशिन चालवणे फार कष्टाचे आहे. माझ्या मते मास्क हा शेवटचा उपाय आहे. आधी पदार्थ बदलावा, मग हवा बदलावी.

हातमोज्यांचेही तसेच आहे. दवाखान्यातील पांढरे लेटेक्सचे हातमोजे हेक्झेनमध्ये फुगून मऊ पडतात. हेक्झेनला नायट्राइल चांगले टिकते. पण तेच नायट्राइल टोल्युईनला फार वेळ दाद देत नाही, म्हणून "नायट्राइल घातले आहे" एवढ्यावर थांबू नये. आणि सॉल्व्हंटने हात धुणे तर सर्वांनीच सोडावे. त्वचेतील स्निग्धता निघून जाते, भेगा पडतात आणि त्या भेगांतून शाई, धूळ, जंतू सगळेच आत जाते.

मोगरा_वेणी
माझी बहीण दंतवैद्य आहे, त्यामुळे मला हातमोज्यांचे पटले. विषयाला धरूनच एक सांगते. आमच्या शेजारच्या तीन वर्षांच्या मुलाने पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले थिनर प्यायले होते. आजीने घाबरून त्याला मिठाचे पाणी पाजून उलटी करवली आणि त्यानंतर त्याला न्यूमोनिया होऊन नऊ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. मूल वाचले. त्या आजी अजूनही स्वतःला दोष देतात.

डॉ_निरगुडी
त्या आजींना कोणी कधी सांगितलेच नव्हते, त्यामुळे त्यांना दोष देता येणार नाही. परंतु रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन, हेक्झेन यांपैकी काहीही पोटात गेले तर उलटी मुळीच करवू नये. हे द्रव इतके पातळ असतात की उलटीबरोबर ते श्वासनलिकेत उतरतात आणि फुप्फुसाला गंभीर इजा करतात. सरळ रुग्णालय गाठावे आणि बाटली बरोबर न्यावी. मुळात पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत असे काही भरूच नये.

टाचणी
मृण्मयीताई, विक्रेत्याकडून लेखी सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला एसडीएस म्हणतात, ते मागून घ्या. त्यात १६ विभाग असतात. सगळे वाचायला वेळ नसेल तर घटकांचा तिसरा विभाग आधी पाहा. व्यापारी नाव काहीही असो, तेथे कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, असतो आणि तो बदलता येत नाही. एन-हेक्झेनचा ११०-५४-३, टोल्युईनचा १०८-८८-३ आणि बेंझीनचा ७१-४३-२. विक्रेता माहितीपत्रक देत नसेल तर तो माल घेऊ नये, इतके सरळ आहे. हेक्झेनमध्ये मिथाइल इथाइल कीटोन मिसळलेले असेल तर मज्जातंतूंची इजा अधिक वाढते, म्हणून मिश्रणाचे सर्व घटक पाहावेत.

भीमथडी
कायद्याच्या बाजूने थोडे. फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली असलेली पेट्रोलियम द्रव्ये पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार "अ" वर्गात मोडतात आणि त्यांच्या मोठ्या साठ्यासाठी परवाना लागतो. हे काम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. कामगारांच्या आरोग्याविषयी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे विचारणा करता येते. मुलाला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर व्यवसायजन्य आजाराची नोंद आत्ताच करा, कारण मागाहून पुरावे गोळा करणे फार जड जाते.

राइनकाठ
मी जर्मनीत छपाईच्या शाईशी संबंधित काम करते. येथे ऑफसेटमध्ये रोलर धुण्यासाठी वनस्पती तेलांपासून बनवलेली एस्टर आणि उच्च फ्लॅश पॉइंटची द्रव्ये मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. ती सावकाश काम करतात, हे खरे आहे. शेवटी ओलसर कपड्याने पुसून घ्यावे लागते, नाहीतर पहिले काही कागद वाया जातात. सुरुवातीला कामगार कुरकुर करतात, पण डोकेदुखी थांबल्यावर परत जायला तयार नसतात. भारतातही कमी बाष्पशील वॉश मिळतात. विचारताना "एन-हेक्झेनविरहित आणि ६० अंशांहून अधिक फ्लॅश पॉइंटचा ब्लँकेट वॉश" असे लेखी विचारावे.

शाईवाला
राइनकाठताई, असा वॉश मी एकदा वापरून सोडून दिला होता, कारण मशिन दहा मिनिटे थांबते. आता पुन्हा मागवला आहे. मृण्मयीताई, भावाला माझा निरोप सांगा की रबराला तो चालतो का हे आधी एका जुन्या ब्लँकेटच्या तुकड्यावर रात्रभर भिजवून पाहावे. काही वॉशने ब्लँकेट फुगते आणि मग नवा वॉश बदनाम होतो. आणि वापरलेल्या चिंध्या उघड्या टोपलीत न टाकता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात. अर्धी वाफ त्या टोपलीतूनच खोलीत येते, हे मला काल आमच्या मशिनरूममध्ये जमिनीजवळ वाकून पाहिल्यावर कळले. १९८४ पासून तेथे वावरतो आहे, पण कधी वाकून पाहिले नव्हते. आमचा एक जुना मशिनमन शेवटी शेवटी पाय ओढत चालत असे. आम्ही ते वयावर घातले होते.

मृण्मयी_क
सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. एनसीव्हीमध्ये दोन्ही पायांच्या तंतूंचा वेग बराच कमी आला आणि मज्जातंतुतज्ज्ञांनी सॉल्व्हंटचे नाव पाहताच निदान केले. आणखी एका मुलाच्या तपासणीत सौम्य बदल आहेत, त्याला स्वतःला काहीच जाणवत नव्हते. भावाने दोघांनाही बांधणी आणि मोजणीच्या कामाला घेतले आहे, पगार तोच ठेवला आहे. पहिल्या मुलाचा अशक्तपणा मधल्या काळात थोडा वाढला, पण डॉक्टरांनी येथे आधीच सांगितले असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही. तो आता मागे पट्टा असलेली सँडल घालतो.

माहितीपत्रक अखेर आले. तिसऱ्या विभागात ११०-५४-३ हाच क्रमांक आहे. आता एकच प्रश्न उरला आहे. दीड कॅन हेक्झेन शिल्लक आहे आणि विक्रेता परत घ्यायला तयार नाही. त्याचे काय करावे?

सरकीपेंड
मोरीत नको, मातीत नको, उघड्यावर उडवून देणे नको आणि जाळणे तर मुळीच नको. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला पत्र लिहा. तळोजा आणि रांजणगाव येथे घातक कचऱ्याची अधिकृत केंद्रे आहेत, तेथे ते स्वीकारण्याची सोय असते. वसाहतीतील एखादा मोठा कारखाना आपला घातक कचरा तिकडे पाठवत असेल, तर त्यांच्याकडून कार्यपद्धती समजून घ्या. तोपर्यंत कॅनवर खडूने नव्हे, तर न पुसल्या जाणाऱ्या शाईने "हेक्झेन, अतिज्वलनशील, उघडू नये" असे मराठीत आणि हिंदीत लिहा. जवळ वाळूची बादली आणि ड्राय केमिकल पावडरचा अग्निशामक ठेवा. पाण्याचा फवारा मारला तर पेटते हेक्झेन पाण्यावर तरंगत पसरते. दुपारच्या उन्हात कॅन फुगतो, त्यामुळे झाकण उघडायची वेळ आलीच तर पहाटे, मोकळ्या अंगणात, मोबाइल घरात ठेवून आणि अगदी सावकाश उघडा.

मृण्मयी_क
पत्र आजच लिहिले. कॅनवरचे लेबल त्याच मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, मोठ्या अक्षरांत, तीन बाजूंनी.